रिमोटचे सॉकेट: सेल बदलून उपयोग नाही

वर्षभरात तिसरं रिमोटचं सॉकेट (प्लगमध्ये लावायचं, रिमोटने चालू-बंद होणारं) गेलं असं तुम्ही लिहिलंय, आणि वर बहुतेकांनी रिमोटचा सेल बदला म्हणून सुचवलंय. पण बटण दाबल्यावर सॉकेटवरचा लाल दिवा लागतो म्हणता ना? म्हणजे सिग्नल नीट पोचतोय. आता कान लावून ऐका. रिलेचा (म्हणजे आतल्या विजेवर चालणाऱ्या स्विचचा) 'टक्' आवाज येत नसेल किंवा दबका येत असेल, तर दोष जवळजवळ नक्की आतल्या कपॅसिटरचा.

या स्वस्त सॉकेटांत ट्रान्सफॉर्मर नसतो. एक चौकोनी एक्स-२ (थेट मेन लाइनवर लावायला सुरक्षित अशा प्रकारचा) कपॅसिटर 230 व्होल्टमधून रिलेपुरता करंट देतो. लाइनमधल्या प्रत्येक झटक्याला त्याची फिल्म थोडी थोडी जळते आणि क्षमता घटत जाते. माझ्याकडच्या सॉकेटात 0.33 मायक्रोफॅरॅड छापलेला होता, मीटरवर भरला 0.11. चोवीसेक मिलिअँपिअरच्या जागी आठच मिळाले, तर रिले ओढणार कशाने? तेवढ्याच क्षमतेचा, 275 व्होल्ट एसीचा नवा एक्स-२ लावला आणि सॉकेट चालू झालं. साधा कपॅसिटर कृपा करून लावू नका, आग लागू शकते.

याउलट सॉकेट बंदच होत नसेल, तर रिलेचे पॉइंट (करंट जोडणारे आतले धातूचे तुकडे) चिकटलेत. पाण्याची मोटर त्यावर लावली असेल तर काढाच, सुरू होताना ती कितीतरी पट करंट खेचते.

उघडण्याआधी सॉकेट भिंतीतून काढून पाच मिनिटं थांबा. आणि उघडं असताना प्लग लावून मोजायला जाऊ नका, आतल्या प्रत्येक टोकाला मेनचा करंट असतो.