मुलाची सुंता करावी का? संशोधन वाचून गोंधळ वाढला आहे, मदत हवी आहे

सायली_व
आमच्या मुलाच्या शिश्नाची पुढची कातडी मागे सरकत नाही आणि लघवी करताना टोकाशी फुगा येतो. शल्यचिकित्सकांनी सुंता सुचवून पुढच्या आठवड्याची तारीखही दिली आहे. वाचायला बसले तर एकीकडे एचआयव्हीचा धोका निम्म्याहून कमी होतो असे दिसते आणि दुसरीकडे नेदरलँड्समधील डॉक्टरांच्या संघटनेने २०१० साली लहान मुलांच्या अनावश्यक सुंतेला विरोध केल्याचे दिसते. कृपया स्पष्ट सांगा, करावी की करू नये?

पाणवठा
ताई, मुलाचे वय किती आहे? लघवीला जळजळ होते का, ताप येऊन गेला का? कातडीच्या टोकाला पांढरट, कडक वण दिसतो का? हे कळल्याशिवाय कोणीही उत्तर देऊ नये असे मला वाटते.

किनारा
मी सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम केले आहे. दक्षिण आफ्रिकेतील ऑरेंज फार्म, केनियातील किसुमू आणि युगांडातील राकाई या तिन्ही ठिकाणच्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना एचआयव्हीची लागण सुमारे ५० ते ६० टक्क्यांनी कमी झाली आणि त्या आधारावर मार्च २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली. आपल्या पुण्यातही गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या २,२९८ पुरुषांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता आणि त्यातही सुंता झालेल्यांमध्ये एचआयव्हीची लागण पुष्कळ कमी आढळली. एवढा पुरावा हाती असताना विचार कसला करायचा? करून टाका.

पाणवठा
किनारा, हा पुरावा खरा आहे, पण तो या मुलाचा नाही. त्या चाचण्या स्त्रियांशी संबंध ठेवणाऱ्या मोठ्या पुरुषांवर, जिथे साथ तीव्र होती अशा भागांत झाल्या आणि शिफारसही तशाच देशांसाठी होती. पुण्याच्या अभ्यासात तर सिफिलिस, परमा आणि जननेंद्रियांवरील नागीण (हर्पीस) या गुप्तरोगांच्या बाबतीत तसे संरक्षण दिसलेच नाही. मुलगा मोठा झाल्यावर हा निर्णय स्वतः घेऊ शकतो.

किनारा
राकाईच्या चाचणीत नागीण आणि एचपीव्ही (चामखीळ व कर्करोग घडवू शकणारा विषाणू) यांचेही प्रमाण घटले होते, तेवढे तरी मान्य करा.

सायली_व
मुलगा चार वर्षांचा आहे. वयाचा इतका काय संबंध? मला आफ्रिकेबद्दल विचारायचे नव्हते.

बालशल्य_नाशिक
संबंध सगळा वयाचाच आहे. जन्मतः ही कातडी शिश्नाच्या बोंडाला चिकटलेलीच असते आणि हळूहळू आपोआप सुटते. डेन्मार्कमधील १९६८ च्या अभ्यासात सहा-सात वर्षांच्या मुलांपैकी ८ टक्क्यांमध्ये तोंड अरुंद होते आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांमध्ये ते प्रमाण १ टक्क्यावर आले होते. फुगा येतो पण धार नीट आहे, दुखत नाही, वण नाही, अशा चार वर्षांच्या मुलाला मी आधी बीटामेथासोन या स्टेरॉइडचे मलम चार ते आठ आठवडे लावायला सांगतो आणि बहुतेकांना तेवढे पुरते. पांढरा, कडक वण असेल तर मात्र सुंताच योग्य. शस्त्रक्रियेत रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि पुढे लघवीचे छिद्र आकसणे हे धोके थोडे असले तरी आहेत. छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर सुंता करूच नये, कारण ती कातडी पुढच्या दुरुस्तीला लागते. आणि घरी कोणीही जोर लावून कातडी मागे ओढू नये, कारण त्यानेच वण पडतात.

मिरजकर_शेख
आमच्याकडे मुलांची खतना होतेच आणि माझ्या दोन्ही मुलांची रुग्णालयात झाली. तेथे डॉक्टरांनी प्रथम विचारले की मामांकडे कोणाला दात काढल्यावर रक्त थांबत नाही असे झाले आहे का. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार आईकडून येतो, म्हणून हे सायलीताईंनीही आधीच सांगावे.

उंबरठा३४
माझी गेल्या वर्षी स्टेपलरने झाली. टाके घालावे लागले नाहीत आणि मी दुसऱ्याच दिवशी कार्यालयात गेलो. तुम्हीही स्टेपलरचाच आग्रह धरा.

पाणवठा
ते साधन मोठ्यांसाठी आपल्या जागी असेल, पण येथे कोणत्या साधनाने करावी असे कोणी विचारलेलेच नाही.

सायली_व
वण नाही आणि धार सरळ आहे. मागच्या महिन्यात त्याला थंडी वाजून मोठा ताप आला होता, तेव्हा लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, जंतू निघाले होते. पहिल्या वर्षीही एकदा असेच झाले होते. ते औषधाने बरे झाले, म्हणून आधी लिहिले नाही.

बालशल्य_नाशिक
ताई, हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची होती. निरोगी मुलांमध्ये मूत्रमार्गाचा एक संसर्ग टाळण्यासाठी सुमारे १११ सुंता कराव्या लागतात, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात दिसले. वारंवार संसर्ग होणाऱ्यांत हाच आकडा ११ वर येतो आणि लघवी मूत्राशयातून मूत्रपिंडाकडे जोराने उलटी जात असेल तर ४ वर. मूत्रपिंडाला वण पडण्याची जोखीम असेल तर मी स्वतः सुंता सुचवेन. तुमच्या डॉक्टरांनी कदाचित हाच विचार केला असेल, त्यांना तसे थेट विचारा. मूत्रपिंडाची सोनोग्राफी झाली आहे का? नसेल तर आधी ती करा आणि त्यात काही आढळले तर एमसीयू ही क्ष-किरण तपासणीही करावी लागेल. तोवर तारीख पुढे ढकलता येईल का ते विचारा. मधल्या काळात ताप आला तर त्याच दिवशी, प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी, लघवीचे कल्चर द्या.

सायली_व
सोनोग्राफी झालेली नाही. उद्या सकाळी डॉक्टरांना दोन्ही कल्चरचे अहवाल दाखवून विचारते.