ऑनलाइन वर्गातील सहभागाच्या नोंदीवरून गुण द्यावेत का?

मूळ मांडणी : पदवी महाविद्यालयातील शिक्षिका, धरमपेठ

आमच्याकडे उन्हाळ्यातील जादा तास ऑनलाइन होतात. विद्यार्थी किती मिनिटे जोडलेला होता, त्याचा कॅमेरा सुरू होता का आणि चॅटमध्ये त्याने किती वेळा लिहिले, यावरून अंतर्गत मूल्यमापनातील सहभागाचे गुण आपोआप ठरावेत, असा प्रस्ताव यंदा आला आहे. माझा त्याला स्पष्ट विरोध आहे.

गेल्या आठवड्यातील एका तासाचा अहवाल मी ओळ न ओळ वाचला. एका मुलीच्या नावापुढे ४८ मिनिटांत ७ वेळा आत-बाहेर झाल्याची नोंद होती. फोन करून विचारले तेव्हा कळले, की घरात रेंज मिळत नसल्यामुळे ती गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसते, फोन तापून बंद पडला की खाली येऊन तो माठाशेजारी ठेवते आणि निवला की पुन्हा वर जाते. त्याच तासाला पूर्ण वेळ हजर दिसणाऱ्या एका विद्यार्थ्याला मी तीनदा नावाने हाक मारली, पण उत्तर आले नाही. प्रस्तावाप्रमाणे गुण कापले जातील ते त्या मुलीचे.

झूममध्ये पूर्वी अशी सोय होती, की स्क्रीन दाखवणे सुरू असताना कुणी ३० सेकंदांहून अधिक काळ दुसऱ्या खिडकीत गेले, तर ते यजमानाला दिसत असे. कंपनीने ती एप्रिल २०२० मध्ये काढून टाकली. बाजूला पाठ्यपुस्तकाची पीडीएफ उघडणारा विद्यार्थीही त्या नोंदीत दोषीच ठरत होता. म्हणून मी प्रत्येक तासाला एक प्रश्न देते, तीन ओळींचे उत्तर वहीत लिहून घेते आणि त्याचा फोटो मागवते.

प्रतिसाद : गणिताचे प्राध्यापक, हिंगणा रोड

मॅडम, आपली कळकळ मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. २०२० मध्ये मुलांच्या अडचणी पाहून मी कसलीही नोंद ठेवली नाही. एक मुलगा दुसऱ्याच महिन्यात येईनासा झाला आणि तो कळमन्याला गोदामात कामाला लागल्याचे मला परीक्षेचे अर्ज भरताना समजले. दोन आठवड्यांची गैरहजेरी डोळ्यांसमोर असती, तर मी त्याच्या घरी गेलो असतो. ही खंत आजही माझ्या मनातून गेलेली नाही. प्रत्यक्ष वर्गात ७५ टक्के हजेरीची अट आपण अन्यायकारक मानत नाही. मग ऑनलाइन वर्गालाच सवलत का? तुमच्या तीन ओळींविषयी सांगायचे तर, एकाने लिहिलेले उत्तर दहा मिनिटांत व्हॉट्सअॅपवर सगळ्या वर्गाकडे पोचते.

प्रतिसाद : पालक, कामठी

हजेरी अवश्य घ्या आणि ती आम्हालाही कळवा. कॅमेऱ्याची सक्ती मात्र करू नका. आमचे घर एका खोलीचे आहे आणि मुलीच्या पाठीमागे माझ्या आजारी आईची खाट असते. तिचे आजारपण साठ जणांनी का पाहावे? पहिल्या वर्षातील काही मुले अठराच्या आतली असतात, आणि २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बालकांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. २०२५ च्या नियमांनी शिक्षणसंस्थांना यात सूट दिली असली, तरी ती शैक्षणिक कामापुरती आणि मुलांच्या सुरक्षिततेपुरती आहे. आमच्या घराचे आतले दृश्य त्यात कसे बसते, हे प्राध्यापक महोदयांनी सांगावे.

प्रतिसाद : विद्यार्थिनी, तृतीय वर्ष

चॅट मोजणार अशी कुणकुण लागल्यापासून आमच्या वर्गात दर मिनिटाला ‘येस सर’ आणि ‘ओके मॅम’ येऊ लागले आहे. परवा एकीने खरी शंका विचारली, तर ती त्या ओळींखाली गडप झाली आणि सरांना दिसलीच नाही. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमातील १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात सर्वोत्तम ८ स्वाध्यायांना २५ गुण आणि परीक्षेला ७५ गुण असतात. व्हिडिओ किती मिनिटे पाहिला, याला गुण नाहीत. चार आठवडे चुकले तरी मुलगी बाद होत नाही, हे मला अधिक न्याय्य वाटते.

प्रतिसाद : गणिताचे प्राध्यापक, हिंगणा रोड

कॅमेरा आणि चॅट, दोन्ही मी मागे घेतो. काकांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मिनिटांची नोंद मात्र सोडणार नाही आणि तिला थोडे तरी गुण हवेत, कारण गुण नसलेली यादी शिक्षकही उघडून पाहत नाहीत.

प्रतिसाद : मूळ लेखिका

सर, तुमचा तो विद्यार्थी नोंद नसल्यामुळे हातचा गेला, हे मी नाकारत नाही. उत्तरांची नक्कल होते, हेही खरे आहे. म्हणून यापुढे प्रत्येकाने आपल्या परिसरातील झाडाविषयी लिहावे, असे प्रश्न देणार आहे. नोंद ठेवायला माझी हरकत नाही, ती गुणपत्रिकेत जाण्याला आहे. सलग दोन तासांना न दिसलेल्या विद्यार्थ्याला त्याच संध्याकाळी फोन करायचा, असा पर्याय मी शनिवारच्या बैठकीत मांडणार आहे. माझ्या वर्गात ६२ जण आहेत आणि काल असे पाच निघाले. तिघांशी बोलणे झाले, दोघांचे फोन लागले नाहीत. त्यांच्या शेजारच्या गावातील मुलांकडून निरोप पाठवला आहे.