मदत हवी आहे : टेसरॅक्टला जुनी मराठी छपाई कशी शिकवायची?

तासगाव तालुक्यातल्या आमच्या वाचनालयातले खिळे जुळवून छापलेले जुने अंक स्कॅन केलेत, ३०० डीपीआयने, सुमारे ४०० पानं. टेसरॅक्ट ५ (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारा प्रोग्राम) आणि त्याचं मराठी मॉडेल (मराठी अक्षरं शिकवलेली फाइल) वापरतोय. दोन रकान्यांचा घोळ सुटला: पीएसएम (पानाची मांडणी कशी धरायची ते सांगणारा पर्याय) ६ ने ओळी एकमेकांत घुसायच्या, ३ ने नीट येतात. (प्रोग्रामच्या मदत-मजकुरात पीएसएमचे १४ पर्याय एकेका ओळीत उरकलेत. कोणत्या पानाला कोणता, हे करून बघूनच कळलं.)

अडलंय ते 'ऱ्य', 'ऱ्ह' आणि उभ्या जोडाक्षरांवर. म्हणून टेसट्रेनने (टेसरॅक्टला शिकवायचं साधन) मॉडेल शिकवायला घेतलं. वेगासाठीच्या 'फास्ट' मॉडेलवर पुढचं शिक्षण होत नाही, अचूकतेसाठीचं 'बेस्ट'च लागतं, हे समजेपर्यंत दोन रविवार गेले. इतकी मोलाची गोष्ट टेसट्रेनच्या माहितीत पहिल्याच पानावर ठळक असायला हवी होती. २०० ओळींची चित्रं कापून मजकूर हाताने टाइप केला. सुरुवातीचं मॉडेल मराठीच दिलंय. विंडोज १० वर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजमध्येच लिनक्स चालवायची सोय) उबुंटू आहे, रॅम ८ जीबी.

शिकवताना चुकांचं प्रमाण खाली येतं, पण नव्या पानावर आधी बरोबर येणारे शब्दही बिघडतात. आवर्तनं (शिकवण्याच्या फेऱ्या) मूळचीच, १०,००० ठेवली होती.

ऑनलाइन सेवा सुचवू नका, अंक बाहेर पाठवायला समितीची परवानगी नाही.

मराठीसाठी हे कुणी प्रत्यक्ष केलं असेल तर सांगा: २०० ओळींना किती आवर्तनं ठेवावीत, की आधी ओळीच वाढवायच्या, आणि किती?