उंची कोण ठरवतं: रक्तातलं हॉर्मोन की हाडातली कूर्चा?

धागाकर्ता: मुलाची उंची कमी वाटली की पहिला प्रश्न येतो, 'ग्रोथ हॉर्मोन तपासलं का?' माझ्या मते आपण भलतीकडेच बघतो. लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची (मऊ, लवचीक हाडासारख्या ऊतीची) पातळ चकती असते, ग्रोथ प्लेट. तिथल्या पेशी विभागून नाण्यांच्या चळतीसारख्या रांगेत लागतात आणि मग प्रचंड फुगतात. हाड लांबतं ते बरंचसं या फुगण्यामुळे. 1957 पासूनचं मत असं, की हॉर्मोन यकृताला सांगतं, यकृत आयजीएफ-1 हे वाढीचं प्रथिन रक्तात सोडतं आणि ते कूर्चेला वाढवतं. पण 1982 साली उंदरांच्या एकाच पायाच्या ग्रोथ प्लेटमध्ये हॉर्मोन टोचलं, तर तोच पाय जास्त वाढला! 1999 मध्ये यकृतातलं आयजीएफ-1 चं जनुक काढलेले उंदीरही जवळपास नेहमीसारखेच वाढले. कूर्चेच्या पेशी आयजीएफ-1 ची सोय आपणच करतात.

प्रतिसाद १: अर्धीच गोष्ट सांगताय. त्या उंदरांच्या रक्तात चौथा हिस्सा आयजीएफ-1 शिल्लक होतं. पुढे त्याला रक्तात टिकवून धरणारं प्रथिनही काढल्यावर पातळी आणखी घसरली आणि हाडं आखूड राहिली. लॅरॉन सिंड्रोम या जनुकीय आजाराच्या मुलांमध्ये हॉर्मोन भरपूर असतं, पण त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीतलं संदेश पकडणारं प्रथिन, काम करत नाही. त्यांना आयजीएफ-1 ची इंजेक्शनं दिली की ती वाढतात. ते कूर्चेपर्यंत रक्तातूनच जातं ना?

धागाकर्ता: जातं, मान्य. पण हॉर्मोनची कमतरता असलेली मुलं हॉर्मोन दिल्यावर जेवढी वाढतात, तेवढी ही वाढत नाहीत. हॉर्मोनचं कूर्चेवरचं थेट काम त्यांच्यात होतच नाही, मला तरी हेच कारण पटतं.

प्रतिसाद २: तुम्ही दोघंही फक्त वाढवणाऱ्या घटकांवर भांडताय. रोखणाऱ्यांचं काय? अकॉन्ड्रोप्लेजियात (हात-पाय आखूड राहणाऱ्या जनुकीय आजारात) एफजीएफआर-3 या रिसेप्टरमधलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं, 380 व्या जागचं. हे 1994 मध्ये कळलं. त्या रिसेप्टरचा 'थांबा' हा संदेश वाजवीपेक्षा जोरात जातो, पेशींचं विभागणंही मंदावतं आणि फुगणंही. हॉर्मोनची कमतरता हे तिथे कारणच नाही. 2021 साली मंजूर झालेलं व्होसोरिटाइड हे औषध हाच संदेश सौम्य करतं. चाचणीत मुलं वर्षाला सरासरी दीड सेंटिमीटर जास्त वाढली. धागाकर्त्याशी मी सहमत, फक्त त्यांनी उदाहरण कच्चं निवडलं.

प्रतिसाद १: आणि वाढ थांबवतं कोण? इस्ट्रोजेन हे लैंगिक हॉर्मोन, रक्तातूनच आलेलं. त्याचा रिसेप्टर निकामी असलेल्या एका पुरुषाची नोंद 1994 चीच आहे: वय 28, उंची 204 सेंटिमीटर, ग्रोथ प्लेट अजून उघड्या. तिथल्या पेशी आपल्या आपण थांबल्या नाहीत.

धागाकर्ता: हा मुद्दा वजनदार आहे. तरी इस्ट्रोजेन तिथे पोचलंच होतं, ते ऐकणारा रिसेप्टर नव्हता. म्हणून मी म्हणतो, उंचीची शंका आली की रक्ताच्या आकड्यावर थांबू नका, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडाचं वय, म्हणजे हाडांची वाढ कुठवर आली आहे ते, पाहा. प्लेट मिटल्या असतील तर कितीही हॉर्मोन द्या, पाय लांबणार नाहीत.

प्रतिसाद १: एक्स-रे हवाच, त्यावर वाद नाही. पण रक्ततपासणी मागे टाकलीत, तर वेळेत हॉर्मोन मिळालं असतं अशा मुलाची वर्षं फुकट जातील. ती कोण भरून देणार?