मदत हवी आहे: विद्यापीठाकडून कारखान्याचं काम करून घ्यायचं तर कोणाला भेटायचं? (जळगाव)

चटईवाला: एमआयडीसीत आमचं प्लास्टिकच्या चटईचं युनिट आहे. माल तुटतोय, पार्टीने एक गाडी परत पाठवली. विद्यापीठात एवढे प्रोफेसर बसलेत, त्यांचा आमच्यासारख्यांना काही उपयोग होतो का? मागे एका कॉलेजात गेलो होतो. चहा झाला, सामंजस्य कराराचा फोटो झाला, पेपरात आला, विषय संपला. आता फोटो नको, उत्तर पाहिजे. पुढच्या आठवड्यात माल लोड करायचाय.

पॉलिमरमास्तर: तुटतोय म्हणजे कुठे? विणताना, घडीवर, की उन्हात ठेवल्यावर?

केळीबाग_रावेर: प्लास्टिक सोडा भो. केळी काढल्यावर खोडं बांधावर सडतात, त्याच्या धाग्याच्या चटया करा. जळगावच्या केळीला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण आम्ही अजून घडच विकतोय. विद्यापीठाने धागा काढायचं मशीन गावोगाव द्यावं, खान्देश कुठल्या कुठे जाईल.

चटईवाला: दादा, माझ्याकडे चटई विणायचे सहा लूम आहेत, त्यांचं काय करू? आणि मास्तर, घडीवर तुटतेय. हात लावला की कडकड.

निवृत्त_लेखापाल: कशाला नादी लागता? अमळनेरला 1945 साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. आपलं विद्यापीठ निघालं 15 ऑगस्ट 1990 ला. कंपनी निघाली तेव्हा कुठला प्रोफेसर होता शिकवायला? विद्यापीठाने परीक्षा वेळेवर घ्याव्यात, धंदा धंदेवाले बघतील.

पुण्यातला_जळगावकर: काका, अर्धीच गोष्ट सांगितली. तुपाचं अमळनेरला राहिलं, कॉम्प्युटरचं बंगळूरला गेलं. इंजिनियर जिथे मिळतात तिथे धंदा जातो. मुंबईचं यूडीसीटी, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीचं कॉलेज, 1933 चं. तिथे शिकलेल्या घरडांनी घरडा केमिकल्स, अंजी रेड्डींनी डॉ. रेड्डीज असे स्वतःचे कारखाने उभे केले. आपल्या विद्यापीठातही केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था आहे. पोरं तिथे शिकतात आणि चाकणची गाडी धरतात. माझ्यासकट.

धुळेकर: विद्यापीठ तीन जिल्ह्यांचं, पण बोलायला फक्त जळगाव. नंदुरबारच्या मिरचीचं कोणी काही बोललं का? नरडाण्याच्या एमआयडीसीचं?

निकाल_कधी: पुनर्मूल्यांकन करायचं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची फोटोकॉपी मागवा. मुदत गेली की कोणी ऐकत नाही.

पॉलिमरमास्तर: @निकाल_कधी चर्चेचा धागा चुकला. @चटईवाला, प्लास्टिकचा रिसायकल दाणा किती टक्के? फिलर म्हणजे भरीची पावडर किती? उन्हापासून वाचवणारं यूव्ही स्टॅबिलायझर टाकता का? माल तयार झाल्यावर ठेवता कुठे?

चटईवाला: सगळं नेहमीसारखंच आहे. माल गच्चीवर असतो, गोडाऊन भरलंय.

पॉलिमरमास्तर: मे महिन्यात, जळगावात, गच्चीवर?

चटईवाला: ताडपत्री टाकतो ना. मागच्या वर्षीही गच्चीवरच होता, काही झालं नाही.

पॉलिमरमास्तर: मग मागच्या वर्षीपासून काय बदललं?

चटईवाला: काही नाही.
दाणा दुसऱ्याकडून घेतो दिवाळीपासून. किलोमागे चार रुपये कमी पडतो. पण तोही पीपीच (पॉलिप्रॉपिलीन) आहे.

पॉलिमरमास्तर: हे पहिल्याच ओळीत लिहायचं होतं. पीपी पुन्हा पुन्हा वितळवला की त्याच्या रेणूंच्या साखळ्या तुटतात, रस पातळ होतो. लूमवर कळत नाही, ऊन लागल्यावर कळतं. मेल्ट फ्लोची, म्हणजे वितळलेला दाणा किती पातळ वाहतो याची, टेस्ट करून घ्या. नवा-जुना दाणा शेजारी ठेवला की आकडाच बोलेल. विद्यापीठात आधी विचारा, तिथे नाही जमलं तर संभाजीनगरला सिपेट ही प्लास्टिकची सरकारी संस्था आहे. आणि कुलगुरूंना भेटायला जाऊ नका, थेट विभागात जा. शेवटच्या वर्षाच्या पोरांना प्रोजेक्टला विषय हवाच असतो. दोन पोरं महिनाभर तुमच्या शेडमध्ये उभी राहिली तर तुम्हाला कळेल आणि त्यांनाही.

निवृत्त_लेखापाल: म्हणजे फुकट मजूर.

पुण्यातला_जळगावकर: फुकट कशाला? गाडीभाडं आणि जेवण द्या, स्टायपेंड द्या. मला कॉलेजात असताना असा एक जरी कारखाना आतून दिसला असता तर कदाचित मी इथे पीएमपीएमएलच्या बसमध्ये लटकत नसतो. आमचा प्रोजेक्ट मागच्या बॅचच्या वहीतून उतरवलेला होता. 2016 च्या विद्यापीठ कायद्यात नवोपक्रम आणि इन्क्युबेशन (नव्या धंद्याला सुरुवातीचा हात) यासाठी वेगळं मंडळ आहे, पण एमआयडीसीतला माणूस स्वतःहून अडचण घेऊन गेला नाही तर मंडळाने करायचं काय?

धुळेकर: आणि ती पोरं धुळ्याची असतील तर रोज ये-जा कशी करणार?

केळीबाग_रावेर: खोडाचा धागा उन्हात कडक पडत नाही, एवढंच सांगतो.

पॉलिमरमास्तर: पावसात कुजतो. @चटईवाला, हा माल लोड करू नका. परत आलेल्या गाडीचं भाडं कोणी भरलं?

चटईवाला: आम्हीच. बरं, उद्या जातो. नुसती चटई नेऊ की दाणापण?

पॉलिमरमास्तर: तुटलेली चटई, चांगली चटई, नवा दाणा. प्रत्येकी किलोभर, पिशवीवर तारीख लिहून. जुन्या पार्टीचा दाणा उरलाय का?

चटईवाला: एक गोणी आहे. बाबांनी जिन्याखाली ठेवलीय, विकू देत नव्हते.