छातीतलं पाणी आणि घरी नळी : तुमचे अनुभव लिहा

आईला स्तनाचा कर्करोग आहे, छातीत सारखं पाणी होतं. दर दहा दिवसांनी टॅपिंग, म्हणजे सुई घालून पाणी काढणं, लिटर-सव्वा लिटर निघतं, चार दिवस बरे जातात. मग परत रात्रभर उशांना टेकून बसणं. आता डॉक्टर म्हणतात, नळीच बसवू, पाणी घरी काढत जा. ज्यांच्याकडे अशी नळी होती त्यांनी लिहा. औषधं नकोत, घरात कसं निभावलं ते सांगा.

कोल्हापूरची सून
सासऱ्यांना होती. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. जागा बधिर करून तासाभरात बसवली. मऊ सिलिकॉनची नळी कातडीखालून थोडी पुढे नेऊन बाहेर काढतात. आत तिच्यावर एक पट्टा असतो, त्याला मांस धरतं, म्हणून सहज सुटून येत नाही. बाहेरच्या टोकाला व्हॉल्व्ह. बाटलीचं टोक त्यात खट्‌कन बसलं की चिमटा सोडायचा. बाटलीत व्हॅक्यूम असतो, तीच ओढून घेते. पहिल्या दिवशी माझे हात थरथरत होते. दादा म्हणाले, "सूनबाई, म्हशीची धार काढतीस तशी काढ की!"

पाणी फिक्या चहासारखं, कधी लालसर. एका वेळी लिटरच्या वर नाही असं सांगितलेलं, पण बाटलीवरच्या रेघांपेक्षा मी दादांच्या तोंडाकडेच बघायची. ठसका लागला, छातीत कळ आली की बंद. कॅलेंडरच्या चौकटीत आकडे लिहायचो : 800, 650, 700. चौथ्या महिन्यात 50, मग सलग तीनदा कोरडं. एक्स-रे काढला तर फुफ्फुस छातीला चिकटलेलं, पाण्याला जागाच नाही. नळी काढली. सगळ्यांचं असं होत नाही, तेव्हा यावर आशा लावून बसू नका.

ठाणेकर
नळीचा खर्च सांगितला, बाटल्यांचा कुणी सांगितला नाही! प्रत्येक वेळी नवी बाटली. महिन्याभरात डोळे पांढरे झाले. दुसऱ्या डॉक्टरांनी जोडणी देऊन साधी पिशवी लावायला शिकवलं. पिशवी खाली ठेवायची, पाणी आपसूक उतरतं. वेळ लागतो, पण परवडतं. हे आधीच विचारून घ्या.

लेस्टर, इंग्लंडहून
इकडे बाबांसाठी डिस्ट्रिक्ट नर्स घरी यायची, पैसे नाहीत. टॅल्कची पूड आत टाकून फुफ्फुस छातीला चिकटवण्याचा पर्यायही होता, पण बाबांचं फुफ्फुस पुरतं फुलतच नव्हतं, मग चिकटणार कशाला? आईंचं पाणी काढल्यावर फुफ्फुस फुलतं का, हे जरूर विचारा. फुलत असेल तर दोन्ही वाटा आहेत. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या इथल्या टाइम-2 चाचणीत 106 रुग्ण होते, धाप दोन्हींनी सारखीच कमी झाली.

एक मुलगा, नगर
आमच्याकडे जंतुसंसर्ग झाला. नळीभोवती लाली होती, आम्ही चिकटपट्टीची खाज समजून दोन दिवस काढले. ताप आला, पाणी गढूळ झालं, मग पळापळ. अँटिबायोटिकवर निभावलं, नळी काढावी लागली नाही. लाली दिसली की त्याच दिवशी फोन करा.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. आई एकच विचारतेय, डोक्यावरून आंघोळ?

कोल्हापूरची सून
जखम भरून टाके निघेपर्यंत अंग पुसूनच. नंतर पाणी न शिरणारं ड्रेसिंग लावून डॉक्टरांनी तांब्यानं आंघोळीला परवानगी दिली. पंचगंगेत डुबकी मात्र नाही. गणपतीला दादा घाटावर खुर्ची टाकून बसले होते, आमच्यावर तोंड फुगवून.