विटगेन्श्टाइनच्या वहीतली डावी पानं वाचावीत का?

प्रश्न: सकाळी ठाण्याहून सुटणाऱ्या स्लो लोकलमध्ये तत्त्वज्ञ विटगेन्श्टाइनचं ‘ट्रॅक्टेटस’ हे पुस्तक घेऊन बसतो. मुलुंड येईपर्यंत दोन वाक्यं, तीही नशीब असेल तर. आतापर्यंत सगळं तर्कशास्त्र, आणि ६.४ क्रमांकाच्या विधानापासून एकदम नीती, मृत्यू, देव! हे कुठून उपटलं? त्याच्या खासगी वह्या वाचून काही उलगडतं का?

उत्तर १: उलगडतं. १९१४ ते १६च्या वह्या, पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यात असतानाच्या. उजव्या पानावर तर्क साध्या अक्षरांत, डाव्यावर खासगी नोंदी उलट्या वर्णमालेत, म्हणजे ‘ए’ऐवजी ‘झेड’. शाळेत आम्हीही असंच ‘गुप्त’ लिहायचो, बाईंना दोन मिनिटांत कळायचं. १९१६त तो पूर्व आघाडीवर गेला आणि निरीक्षण चौकीची धोक्याची ड्यूटी मागून घेतली. डावीकडे मरणाची भीती, देवाची करुणा भाकणं. जूनमध्ये रशियाचा मोठा हल्ला झाला आणि ११ जूनला देव आणि जगण्याचा हेतू हा प्रश्न चक्क उजव्या पानावर आला! तुम्ही अडलात ती जागा तिथली आहे.

उत्तर २: मान्य, पण जपून. भीतीमुळे विचार कधी सुचला ते कळतं, तो बरोबर आहे का हे नाही. शिवाय ती लिपी त्याने आपल्यासाठी थोडीच लिहिली होती?

प्रश्नकर्ता: धन्यवाद दादा. आज ६.४ परत काढलं, घाटकोपर कधी गेलं कळलंच नाही. उतरायचं तिथेच होतं.